निवाड्यापासून विचारपुशीपर्यंत

आज ज्या पुस्तकांविषयी मी बोलणार आहे, ती ग्रंथालयात सहसा कुणी मागत नाही. कुणी मागितलीच, तर देणारा एकदा पुस्तकाकडे पाहतो आणि एकदा मागणाऱ्याकडे. ही पुस्तके आत्महत्येविषयीची आहेत. माणूस स्वतःचा जीव का देतो आणि त्या टोकावरून त्याला मागे कसे आणता येते, या दोन प्रश्नांवर गेली चारशे वर्षे सतत लिहिले गेले आहे. कवींनी लिहिले, धर्मोपदेशकांनी लिहिले, समाजशास्त्रज्ञांनी आणि डॉक्टरांनी लिहिले. त्या टोकापर्यंत जाऊन परत आलेल्यांनीही लिहिले.

मी मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, कविता करणारा माणूस आहे. पण कविता करणाऱ्याला या विषयापासून फार काळ दूर राहता येत नाही. आमच्या गझलेत आणि भावगीतात मरणाची भाषा फार सहज येते. ती केव्हा नुसता अलंकार असते आणि केव्हा खरी हाक असते, हे आपल्याला ओळखता आले पाहिजे, असे मला वाटू लागले. म्हणून ही पुस्तके मिळतील तशी वाचत गेलो. वाचताना एक गोष्ट लक्षात आली. या पुस्तकांचा इतिहास हा आपण दुःखी माणसाकडे कसे पाहतो, याचाच इतिहास आहे. सुरुवात निवाड्याने झाली, मग चौकशी आली आणि फार उशिरा विचारपूस आली.

आधी विषयाचा आवाका सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख २७ हजार माणसांनी आपले आयुष्य संपवले. आपल्या देशात २०२२ साली १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२ हजार ७४६ महाराष्ट्रातल्या होत्या. राज्यांच्या यादीत हा आकडा सर्वांत मोठा होता. देशभरच्या आकड्यात २५ हजारांहून अधिक गृहिणी होत्या, १३ हजारांहून अधिक विद्यार्थी होते आणि सुमारे चौथा हिस्सा रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा होता. हे आकडे आपल्याला कोण देते? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग. चोऱ्या आणि दरोडे मोजणारे खातेच दुःखाने गेलेली माणसेही मोजते. जुन्या निवाड्याची ही खूण अजून आपल्या कागदपत्रांत शिल्लक आहे.

हा निवाडा कसा होता ते पाहू. इंग्लंडमध्ये आत्महत्या हा राजाविरुद्धचा गुन्हा मानला जाई. मेलेल्या माणसावर खटला चाले. दोष सिद्ध झाला की त्याची मालमत्ता सरकारजमा होई आणि विधवा व मुले उघड्यावर पडत. प्रेताला दफनभूमीत जागा मिळत नसे. ते चौरस्त्यावर पुरले जाई. चौरस्त्यावर पुरण्याची ही प्रथा १८२३ साली कायद्याने बंद झाली आणि मालमत्ता जप्त करणे १८७० साली थांबले. फ्रान्समध्ये १६७० च्या राजाज्ञेनुसार प्रेताची धिंड काढली जाई. शिक्षा मेलेल्याला होत नव्हती, मागे राहिलेल्यांना होत होती. आपल्याकडे आजही ज्या घरात असे काही घडते, त्या घरातल्या मुलीच्या लग्नाची बोलणी कशी अडतात, हे आठवले की ही शिक्षा तिकडची आणि जुनी म्हणून सोडून देता येत नाही.

या निवाड्याला पहिला अडथळा आणला तो एका कवीने. जॉन डन हा इंग्रजीतला मोठा कवी, पुढे लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा प्रमुख धर्मोपदेशक झालेला माणूस. १६०८ च्या सुमारास, हातात नोकरी नाही आणि घरात मुलांचे लेंढार अशा दिवसांत, त्याने ‘बायाथॅनाटॉस’ हा ग्रंथ लिहिला. आत्महत्या हे प्रत्येक वेळी अक्षम्य पापच असते काय, हा त्याचा प्रश्न. असा विचार आपल्याही मनात अनेकदा येऊन गेल्याचे त्याने प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले आहे. हे हस्तलिखित त्याने पुढे एका मित्राच्या स्वाधीन केले, तेव्हा ते छापू नये आणि जाळूही नये, अशी गळ घातली. ग्रंथ छापला गेला तो त्याच्या मृत्यूनंतर, १६४७ साली. हा विषय बोलताही येत नाही आणि गिळताही येत नाही, अशी जी अवस्था घराघरांत असते, ती त्या हस्तलिखिताच्याही वाट्याला आली.

डनच्याच काळात ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात रॉबर्ट बर्टन नावाचा पुस्तकवेडा धर्मोपदेशक राहत होता. त्याने १६२१ साली ‘द अ‍ॅनाटॉमी ऑफ मेलँकली’ हा खिन्नतेवरचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे आयुष्यभर तो त्यात भर घालत राहिला. स्वतःच्या खिन्नतेला दूर ठेवण्यासाठीच आपण खिन्नतेवर लिहीत आहोत, हे त्याने लपवले नाही. जीव दिलेल्यांबद्दल लिहिताना तो निवाडा देत नाही; त्या आत्म्याचे काय होईल ते देवालाच ठाऊक, अशी भूमिका घेतो आणि दयेने पाहायला सांगतो. ग्रंथाच्या अखेरीस वाचकाला तो एकटेपण आणि रिकामपण या दोन गोष्टींपासून सांभाळून राहायला सांगतो. चारशे वर्षांनंतरही हा सल्ला जुना झालेला नाही.

इथे थोडे मागे जातो, कारण खिन्नतेकडे आजार म्हणून पाहण्याची सुरुवात बर्टनने केलेली नाही. त्याच्या सातशे वर्षे आधी आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख इथला अबू झैद अल्-बल्खी हा विद्वान होऊन गेला. शरीर आणि मन या दोहोंच्या स्वास्थ्यावर त्याने एक अरबी ग्रंथ लिहिला. त्याने दुःखाचे दोन प्रकार सांगितले. एक, ज्याचे कारण माहीत असते. दुसरे, ज्याचे कारण खुद्द दुःखी माणसालाही सापडत नाही. दुसऱ्या प्रकारात शरीराचाही संबंध असू शकतो, असे त्याचे म्हणणे होते. शरीर दुखले की वैद्याकडे जाणारी माणसे मन दुखले की मात्र गप्प बसतात, हेही त्याला खटकत होते.

मी मुस्लिम घरात वाढलो. लहानपणी या विषयावर एकच शब्द ऐकला, ‘हराम’, आणि बोलणे तिथेच संपायचे. इस्लाममध्ये आत्महत्या निषिद्ध आहे, यात शंका नाही. जीव ही ईश्वराची अमानत आहे, ही त्यामागची धारणा. पण परंपरा तिथेच थांबत नाही, हे पुढे वाचताना कळले. अशा माणसाच्या जनाज्याची नमाज अदा करावी, असे बहुसंख्य धर्मशास्त्रज्ञांचे मत आहे. अशाच एका मृतासाठी प्रेषितांनी क्षमेची दुआ मागितल्याची हदीसही आहे. निषेधाचा शब्द आमच्या मोहल्ल्यापर्यंत पोहोचला, दुआ मात्र वाटेतच राहिली. इतर धर्मांच्या वस्त्यांतही याहून फार वेगळे घडले असेल, असे वाटत नाही.

आता अठराव्या शतकात येऊ. १७७४ साली पंचविशीतल्या गटे या जर्मन कवीने ‘तरुण वेर्थरची दुःखे’ ही कादंबरी लिहिली. प्रेमभंगातून जीव देणाऱ्या तरुणाची ही कथा युरोपभर गाजली. तरुण मुले वेर्थरसारखा निळा कोट आणि पिवळे जाकीट घालू लागली. काहींनी त्याच्यासारखाच शेवट केला, अशी भीती पसरली आणि लायप्झिग शहरात पुस्तकावर बंदी आली. गटेने १७७५ च्या आवृत्तीत, आपल्या नायकाच्या मागे जाऊ नका, अशा अर्थाचा इशारा घातला. गटे स्वतः मात्र ८२ वर्षे जगला. वेर्थरचे दुःख त्याचेही होते. त्याने ते कागदावर उतरवले आणि तो पुढे गेला. कवी जगतो आणि वाचक बुडतो, हा धोका आम्हा लिहिणाऱ्यांनी डोळ्यांआड करता कामा नये.

वेर्थरच्या या गोष्टीला पुढे संशोधनाचा आधार मिळाला. डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली दाखवले की, वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आत्महत्येची ठळक बातमी आली की पाठोपाठ आत्महत्यांची संख्या वाढते. याला त्याने ‘वेर्थर परिणाम’ असे नाव दिले. मग या विषयावर लिहायचेच नाही काय? याचे उत्तर व्हिएन्नातून आले. तिथल्या भुयारी रेल्वेत अशा घटना वाढल्या होत्या. १९८७ साली पत्रकारांसाठी काही सूचना तयार झाल्या: भडक मथळे नकोत, तपशील नकोत, एकच एक कारण सांगणे नको. वृत्तपत्रांनी त्या पाळल्या आणि घटना झपाट्याने कमी झाल्या. पुढे २०१० साली व्हिएन्नातल्याच थॉमस नीडरक्रोटेनथालर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कठीण काळात मरणाचा विचार मनात येऊनही जो माणूस सावरला, त्याच्याविषयीचा मजकूर छापून आला की आत्महत्या कमी होतात. याला ‘पापागेनो परिणाम’ म्हणतात. पापागेनो हा मोत्सार्टच्या १७९१ सालच्या ‘जादूची बासरी’ या संगीतिकेतला पक्षी पकडणारा. प्रेयसी हरवली म्हणून तो जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुले त्याला आठवण करून देतात की, अरे, तुझ्याजवळ घंटा आहेत, त्या वाजव की! वेर्थर आणि पापागेनो यांच्यात १७ वर्षांचे अंतर आहे. दोघांचे दुःख जवळपास सारखे. एकाला थांबवणारे कुणी भेटले नाही, दुसऱ्याला भेटले.

एकोणिसाव्या शतकात निवाड्याची जागा चौकशीने घेतली, आणि ही चौकशी समाजाची होती. १८४६ साली तरुण कार्ल मार्क्सने एक छोटा लेख प्रसिद्ध केला. पॅरिसच्या पोलीस दफ्तरखान्याचे काम पाहिलेल्या जाक प्यूशे यांच्या आठवणींतले उतारे त्याने त्यात आपल्या शेऱ्यांसह दिले. त्यातल्या चार प्रकरणांपैकी तीन स्त्रियांची आहेत. बाप, नवरा आणि लोकलाज यांनी कोंडलेल्या त्या स्त्रिया. मघाशी गृहिणींचा आकडा सांगितला, तो या लेखाशेजारी ठेवून पाहावा.

मग १८९७ साली फ्रान्समध्ये एमिल दुर्खिम यांचा ‘आत्महत्या’ हा ग्रंथ आला. समाजशास्त्राच्या पायाभूत ग्रंथांत त्याची गणना होते. दुर्खिम यांचा भाचा मार्सेल मॉस याने त्यासाठी सुमारे २६ हजार आत्महत्यांची कागदपत्रे वय, लिंग आणि वैवाहिक स्थितीनुसार लावून दिली. एवढी खासगी वाटणारी कृती, पण एखाद्या समाजातले तिचे प्रमाण वर्षानुवर्षे जवळपास सारखे राहते, हे दुर्खिम यांना दिसले. म्हणजे कारण केवळ त्या एका माणसात नाही. ज्याचे माणसांशी बंध सैल झाले आहेत, त्याला धोका अधिक. आर्थिक मंदीत आत्महत्या वाढतात, तशा अचानक आलेल्या भरभराटीतही वाढतात. कारण दोन्ही वेळा जगण्याची सवयीची चौकट मोडते. समाजाने अति आवळलेल्या माणसालाही धोका असतो, हेही त्यांनी नोंदवले. दुर्खिम यांच्या आकड्यांवर पुढे आक्षेप आले. कुठल्या मृत्यूला आत्महत्या म्हणायचे आणि कुठल्या मृत्यूवर पांघरूण घालायचे, हे त्या त्या ठिकाणचे लोक ठरवतात. मग आकडे कितपत खरे, हा आक्षेप रास्तच होता. तरीही त्यांचे मुख्य म्हणणे टिकून आहे: माणूस एकटा मरतो, पण एकट्याच्या कारणाने मरत नाही.

आपल्याकडच्या एका अहवालात मला दुर्खिम यांची आठवण झाली. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले श्रीजित मिश्र यांनी २००६ साली राज्य शासनाला एक अहवाल सादर केला. ज्या घरात आत्महत्या झाली ते घर आणि त्याच परिसरातले, तशाच परिस्थितीतले पण आत्महत्या न झालेले घर, अशी तुलना त्यात केलेली आहे. कर्ज, नापिकी, आजारपण, घरातले लग्नकार्य, गमावलेली पत या गोष्टी एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात, ते त्यातून दिसते. आपण मात्र बातमी वाचताना एकच कारण शोधतो. ‘कर्जामुळे’ किंवा ‘दारूमुळे’ म्हणतो आणि पान उलटतो. एकच कारण सापडले की आपली जबाबदारी संपते, म्हणून ते आपल्याला सोयीचे वाटते.

विसाव्या शतकात शाळकरी मुलांचा प्रश्नही ऐरणीवर आला. एप्रिल १९१० मध्ये व्हिएन्नाच्या मनोविश्लेषण मंडळाने मुलांच्या आत्महत्यांवर चर्चा घेतली. शाळेचा दोष किती, घराचा किती, असा वाद तिथे झाला. सिग्मंड फ्रॉइड यांचे म्हणणे असे होते की, मुलांना मरणाकडे ढकलले नाही एवढ्यावर शाळेची जबाबदारी संपत नाही. जगावेसे वाटेल असे काही शाळेने मुलांना दिले पाहिजे. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी हे वाक्य प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहावे, असे मला वाटते.

विचारपुशीचा काळ सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४९ साली अमेरिकेत एडविन श्नाइडमन नावाचा तरुण मानसशास्त्रज्ञ लॉस एंजेलिसच्या सरकारी दफ्तरात दोन जुन्या प्रकरणांची कागदपत्रे पाहायला गेला. तिथे त्याला मृतांनी मागे ठेवलेल्या शेकडो चिठ्ठ्या सापडल्या. आतापर्यंत त्या केवळ पुरावा म्हणून जपलेल्या होत्या. श्नाइडमन आणि त्याचा सहकारी नॉर्मन फार्बरो यांनी त्या माणसांचा आवाज म्हणून वाचल्या. मनात असा विचार नसलेल्या लोकांकडून तशाच चिठ्ठ्या लिहून घेऊन दोन्ही ताडून पाहिल्या. १९५७ साली त्यांचे पुस्तक आले आणि १९५८ साली लॉस एंजेलिसमध्ये आत्महत्या प्रतिबंध केंद्र सुरू झाले. साधारण अर्धशतकाच्या अभ्यासानंतर श्नाइडमन यांचे म्हणणे थोडक्यात असे: त्या माणसाला मरण नको असते, असह्य झालेली मनाची वेदना थांबवायची असते. दृष्टी इतकी अरुंद होते की त्याला दोनच वाटा दिसतात, वेदना किंवा शेवट. आणि बहुतेक जण जाण्याआधी या ना त्या रीतीने ते सांगत असतात. ऐकणाऱ्याने तिसरी वाट दाखवायची असते. म्हणून त्यांचे दोन साधे प्रश्न होते: कुठे दुखते आहे आणि मी काय करू शकतो.

इंग्लंडमध्ये हेच काम एका धर्मोपदेशकाने वेगळ्या वाटेने केले. चॅड वारा हे १९३५ साली नव्याने रुजू झाले, तेव्हा त्यांनी केलेला पहिला अंत्यविधी एका चौदा वर्षांच्या मुलीचा होता. पाळी आली, ती काय असते हे तिला कुणीच सांगितले नव्हते. आपल्याला भयंकर रोग झाला, असे वाटून तिने जीव दिला. एका वाक्याने वाचली असती अशी ती मुलगी. वारा यांनी १९५३ साली लंडनच्या एका चर्चमध्ये दूरध्वनी ठेवला आणि अडचणीतल्या लोकांना बोलवायला सुरुवात केली. गर्दी होऊ लागली, तेव्हा ताटकळणाऱ्यांना चहा द्यायला काही स्वयंसेवक घेतले. मग त्यांच्या लक्षात आले की अनेक जण या चहा देणाऱ्यांपाशीच मन मोकळे करतात आणि वारा यांना न भेटताच परत जातात. त्यातूनच ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली. सल्ला देणाऱ्यापेक्षा ऐकणारा अनेकदा जास्त उपयोगी पडतो, हे इतक्या साध्या रीतीने सिद्ध झाले. चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली याच विचाराने ‘स्नेहा’ ही संस्था सुरू केली.

मला स्वतःला सर्वांत भावला तो जेरोम मोटो या सॅन फ्रान्सिस्कोच्या मनोविकारतज्ज्ञाचा प्रयोग. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या प्रयत्नामुळे रुग्णालयात दाखल झालेले, पण घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणारे असे ८४३ रुग्ण त्यांनी निवडले. त्यांतल्या निम्म्यांना पाच वर्षे अधूनमधून छोटी पत्रे पाठवली. पत्रात उपदेश नव्हता, कसली मागणी नव्हती. तुमची आठवण आहे, खुशाली कळवावीशी वाटली तर कळवा, एवढेच. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्यांमध्ये आत्महत्या लक्षणीय कमी झाल्या. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच ठिकाणी, प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांचा अभ्यास केला. नेहमीच्या उपचारांबरोबर ज्यांच्याशी नीट बोलणे झाले आणि नंतर दीड वर्ष फोनने किंवा भेटून संपर्क ठेवला गेला, त्यांच्यातले आत्महत्येचे मृत्यू फारच कमी होते. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. औषधोपचार लागतातच, आणि नैराश्यात ते घेतलेच पाहिजेत. पण त्यांच्या जोडीला एक पोस्टकार्डही काम करते, हे कळल्यावर शब्दांवर जगणाऱ्या माणसाला धीर येतो.

परतून आलेल्यांची पुस्तके हा या कपाटातला शेवटचा कप्पा. ब्रिटिश समीक्षक अल् अल्व्हारेझ यांनी १९७१ साली ‘द सॅव्हेज गॉड’ लिहिले. मैत्रीण असलेल्या सिल्व्हिया प्लाथ या कवयित्रीच्या मृत्यूविषयी त्यात आहे, तसेच स्वतःच्या प्रयत्नाविषयीही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ के रेडफील्ड जेमिसन यांनी १९९९ साली ‘नाइट फॉल्स फास्ट’ लिहिले. त्या स्वतः तरुणपणी या वाटेने जाऊन परतल्या आणि पुढे याच आजाराच्या तज्ज्ञ झाल्या. या दोन पुस्तकांनी एक मोठा गैरसमज पुसला, की एकदा ज्याच्या मनात हे आले, तो गेलाच. तो काळ सरतो. सरेपर्यंत कुणीतरी सोबत हवे असते.

पुस्तकांनी इतका प्रवास केला, पण कायदा मागेच राहिला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत इंग्रजांनी कलम ३०९ घातले. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद. इंग्लंडने आपल्याकडचा हा गुन्हा १९६१ साली रद्द केला, आपण तो जपून ठेवला. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मानसिक आजार असलेल्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तसेच म्हटले. १९९६ साली मोठ्या पीठाने तो निर्णय फिरवला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात जुने कलम ३०९ नाही. सरकारी नोकराला त्याच्या कामापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अजून गुन्हा आहे. पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न नेलेली किंवा ‘अपघात’ म्हणून नेलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या बदलाचे मोल कळेल.

आता सर्वांत महत्त्वाची शंका. विचारल्याने त्याच्या डोक्यात नसलेला विचार आपणच घालू, अशी भीती प्रत्येकाला वाटते. २००५ साली न्यूयॉर्क परिसरातल्या सहा शाळांमधील २,३४२ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. विचारल्यामुळे कुणाचा त्रास वाढला नाही. जी मुले आधीच दुःखात होती, त्यांचा तर थोडा कमीच झाला.

याचा अनुभव मी घेतला आहे. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कविसंमेलन आटोपल्यावर एका तरुणाने माझ्या हातात वही दिली. वृत्ताची जाण चांगली होती, पण शेवटच्या सात-आठ कवितांत निरोपाखेरीज काही नव्हते. मी त्याला मंडपाच्या बाजूला नेले आणि म्हटले, “बेटा, कविता राहू दे. तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?” तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, हे असं सरळ कुणी विचारलंच नव्हतं.” दोनदा हुकलेली परीक्षा, वडिलांनी काढलेले कर्ज, झोप उडालेली, असे सगळे हळूहळू बाहेर आले. मी उपदेश केला नाही. ते पुस्तकांनी शिकवले होते. त्याच्या मोठ्या बहिणीला फोन लावला, ती येईपर्यंत त्याच्याजवळ बसलो. दुसऱ्या दिवशी ती त्याला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन गेली. बरे व्हायला त्याला बरेच महिने लागले, मध्ये एकदा पुन्हा घसरणही झाली.

मराठीत ‘जीव’ या शब्दाभोवती किती क्रियापदे आहेत पाहा. जीव जडतो, जीव तुटतो, जीव लावतो आणि जीव देतो. जीव लावणारे कुणी आहे, हे त्या घटकेला जीव द्यायला निघालेल्याला दिसत नसते. ते आपणच दाखवायचे. कुणी अचानक अबोल झाले, झोप आणि जेवण सुटले, आपण सर्वांना ओझे झालो आहोत असे म्हणू लागले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, निरवानिरवीचे बोलू लागले, तर थांबून विचारा. सरळ शब्दांत विचारा. ‘असा वेड्यासारखा विचार करू नकोस’ म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. एकटे सोडू नका. शेतात, घरात जीवाला धोका होईल असे जे असेल ते कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवा. कारण ही लाट बहुधा काही वेळाने ओसरते आणि तेवढा वेळ मिळणे हेच वाचणे असते. आणि डॉक्टरांकडे सोबत जा, नुसते ‘जाऊन ये’ म्हणू नका.

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक आहे १४४१६. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र कधीही फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येते. तुमचे स्वतःचे मन जड झाले असेल तर आजच करा. दुसऱ्या कुणाची काळजी वाटत असेल, काय बोलावे ते सुचत नसेल, तरीही याच क्रमांकावर विचारता येते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)